उणा चढ

माझ्या सगळ्या रेषा वर जात होत्या. गणिताच्या सरांनी चाचणीच्या कागदावर लाल शाईत इंग्रजीतून तेवढंच लिहिलं होतं: या मुलीच्या सगळ्या रेषा वर जातात. मला आधी वाटलं, शाबासकी आहे. मग खालचा भोपळा दिसला.

साठच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही बेटावरच्या प्लेन मान्येन गावात राहत होतो, विमानतळाच्या अलीकडे, उसाच्या मधोमध. मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. त्या वर्षाच्या परीक्षेचे पेपर बोटीने विलायतेहून यायचे आणि तपासायला बोटीने विलायतेलाच जायचे, म्हणजे आमच्या नशिबाला जाऊन-येऊन समुद्र लागायचा. घरातली अट मात्र साधी होती. बा साखर कारखान्यात कामाला होता आणि एकंदरीत कमीच बोलायचा. त्याने एकदा जेवताना सांगून टाकलं होतं, "पास झालीस तर मास्तरीन हो. न्हाय झालीस तर आयेसंगं उसात. दुसऱ्यांदा बसवनार न्हाय." आये उसात खुरपायला जायची. तिचे तळहात मी रोज पाहत होते. मला उसात जायचं नव्हतं. लोक म्हातारपणी उसाबद्दल गोड गोड लिहितात. मला त्याच्याबद्दल काडीचंही प्रेम नव्हतं आणि आजही नाही. मला खडू हातात घ्यायचा होता, आणि माझ्या नि खडूच्या मध्ये ही सरळ रेषा आडवी आली होती.

बाकीचं गणित मी कसंबसं ओढून नेत होते. पण दोन बिंदू द्यायचे, त्यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढायचा आणि मग तिचं समीकरण लिहायचं, हे आलं की माझ्या डोक्यात गोंधळ सुरू. पुस्तक इंग्रजीत. सर फळ्यावर लिहायचे इंग्रजीत, समजवायचे फ्रेंचमध्ये, आणि रागावले की क्रेओलमध्ये यायचे. ते क्रेओलमध्ये आले की निदान रागावलेत हे तरी कळायचं. वाय बरोबर एम एक्स अधिक सी. त्यात एम म्हणजे चढ. एमच का, हे कोणी सांगेना. मी आपलं मनाशी ठरवलं की एम म्हणजे 'मोंते'. क्रेओलमध्ये मोंते म्हणजे वर चढणं. उंचावरच्या क्युरपीपला जाणारी माणसं रोज बसमध्ये म्हणायचीच, मी मोंते करतोय. मग काय, एमचं नावच चढणं असेल तर रेषा खाली कशाला जाईल? माझं हे तर्कशास्त्र मला फार पटलं होतं.

पण खरी गडबड एमची नव्हती. खरी गडबड घरात होती, आणि ती आये होती.

आमच्या घरात काहीच संपत नसे. संपलं, फुटलं, विझलं, गेलं, कमी पडलं हे शब्द आयेने उंबऱ्याबाहेर ठेवले होते. तेल संपलं तर म्हणायचं तेल वाढलं. कुंकू संपलं, कुंकू वाढलं. बांगडी फुटली तर ती वाढली. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. ताटात भात वाढायचा तोही वाढायचाच, आणि डब्यातले तांदूळ खडखडीत झाले तरी तेही वाढलेच. बाहेर पडताना कोणी 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. मी लहानपणी एकदा विचारलं होतं की असं का. आये म्हणाली, "म्हनलं की व्हतं." एवढंच. तिच्या आईने तिला शिकवलं, तिच्या आईला तिच्या आईने, आणि ऊस तोडायला आलेल्या पहिलीने ते कोकणातून बोटीतून या बेटावर आणलं. बोटीतून आणखीही काही आणता आलं असतं, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं.

याच्यामुळे लहानपणी मी एकदा चिनी दुकानदाराच्या बुतिकात मोठा घोळ घातला होता. बुतिक म्हणजे गावातलं वाण्याचं दुकान. आये म्हणाली, "तेल वाढलंय, घेऊन ये." मी काउंटरवर बाटली ठेवली आणि जसंच्या तसं क्रेओल करून सांगितलं, देल्विल ओग्मांते. क्रेओलमध्ये याचा अर्थ तेलाचा भाव वाढला असा होतो. दुकानदार घाबराच झाला. कोणी सांगितलं, कधी वाढला, पोर्ट लुईत वाढला का, म्हणून त्याने मला खोदखोदून विचारलं, आणि खात्री करून घेतल्याशिवाय तेल विकायलाच तयार होईना. मी रिकामी बाटली घेऊन घरी आले. आयेने विचारलं, तेल कुठाय. मी म्हटलं, दुकानातलंपण वाढलं.

चाचणीचा भोपळा घेऊन मी गुरुजींकडे गेले. हे गुरुजी आमच्यातलेच, तरुण होते. रोझ हिलच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि शनिवारी गावी येऊन देवळाच्या पडवीत आम्हाला मराठीचा वर्ग घ्यायचे. त्यांचं मराठी पुस्तकातलं होतं, स्वच्छ धुतलेलं. आम्हाला ते ऐकताना जरा चोरट्यासारखं व्हायचं. मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, मला हे मराठीत सांगा. तीन भाषांत ऐकलं, तिन्हीत कळलं नाही."

ते खूश झाले. मराठीत गणित कोणी मागितलंय, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं. त्यांनी दिव्यात घालायच्या तेलाची बाटली फरशीवर ठेवली आणि खडूने तिच्याशेजारी दोन रेघा मारल्या, एक आडवी, एक उभी. आडवीवर दिवस, म्हणजे एक्स. उभीवर बाटलीत किती बोटं तेल आहे ते, म्हणजे वाय.

"समज, पहिल्या दिवशी दहा बोटं तेल आहे. चौथ्या दिवशी चार बोटं. आता सांग, दिवस जातात तसं तेलाचं काय होतं?"

"वाढतं," मी म्हटलं.

"नीट बघ. दहा होतं, चार झालं."

"हो. वाढलं."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. "अगं, दहातून चार झालं म्हणजे काय झालं?"

"वाढत चाललंय," मी म्हटलं. मला कळेना की हा माणूस एकच प्रश्न पुन्हा पुन्हा का विचारतोय. मी अगदी बरोबर उत्तर देत होते. तेल वाढत चाललं होतं, सहा दिवसांत पूर्ण वाढलं असतं, मग दिवाही वाढला असता आणि देवळाचा कारभारी ओरडला असता. आणि गंमत म्हणजे हातात खडू घेऊन मी त्या वाढण्याची रेषा काढली ती खरोखरच वर गेली. दहातून चार वजा केले, सहा. चारातून एक वजा केला, तीन. सहा भागिले तीन, दोन. चढ दोन. वाय बरोबर दोन एक्स अधिक आठ. मोठ्यातून धाकटा वजा करायचा, हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की उलटं करता येतं हे सुचलंही नव्हतं.

"हं," गुरुजी म्हणाले. "तुझ्या समीकरणात चौथा दिवस घाल."

मी घातला. दोन चोक आठ, आठ नि आठ सोळा. चौथ्या दिवशी बाटलीत सोळा बोटं तेल.

"म्हणजे दिवा जळतोय आणि बाटली आपोआप भरतेय. आपला देव असा कधी पावलेला नाही गं. असता तर मी रोझ हिलला बसने कशाला गेलो असतो?"

मग ते एकदम थांबले आणि हसायला लागले. पोट धरून हसले. त्यांची आईही असंच बोलायची, हे त्यांना तेव्हा आठवलं. हसून झाल्यावर ते म्हणाले, "देवळात येताना चपला बाहेर काढतेस ना? तसं वहीत शिरताना आईचं बोलणं बाहेर काढून ठेव. निघताना परत घाल. वहीत तेल कमी होतं. वहीत तेल संपतं. म्हण."

मी म्हटलं. देवळात उभी राहून तेल संपतं म्हटलं, आणि मला कोणीतरी मागून टपली मारेल असं वाटलं.

त्यांनी मग शिकवलं की वरच्या रांगेत ज्या बिंदूपासून सुरुवात केली, खालच्या रांगेतही त्याच्यापासूनच करायची. चारातून दहा गेले, उणे सहा. चारातून एक गेला, तीन. चढ उणे दोन. मी विचारलं, आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात केली तर? दहातून चार, सहा. एकातून चार, उणे तीन. पुन्हा उणे दोन. मला हे काही केल्या पटेना. आमच्या घरापासून क्युरपीपपर्यंत रस्ता चढतो आणि क्युरपीपपासून आमच्या घरापर्यंत तोच रस्ता उतरतो. मग रेषेलाच कसं दोन्हीकडून एकच? गुरुजी म्हणाले, चालणारं कोण आहे ते रेषा विचारत नाही, ती कायम डावीकडून उजवीकडेच वाचायची. मी म्हटलं, असं कोणी ठरवलं? ते म्हणाले, ठरवलं कोणीतरी. या उत्तराने मी आणखीच चिडले.

आणि त्याहून मला खटकला तो शब्द. "गुरुजी, ही खाली उतरणारी रेषा. मग हिला उतार म्हणा की. चढ कशाला?"

"चढच म्हणायचं. उणा चढ."

उणा चढ. मी घरी येईपर्यंत ते तोंडात घोळवत होते. म्हणजे गणितवालेही उताराला उतार म्हणत नव्हते. उतरणाऱ्यालाही चढच म्हणत होते, आयेसारखेच. फक्त आधी एक छोटी आडवी रेघ मारून ठेवत होते. आये ती रेघ गिळून टाकायची, एवढाच फरक. हे लक्षात आलं आणि मला कळेना की आता मला जास्त समजलंय की कमी.

पुढचे काही आठवडे मी घरात मोठ्याने पाठ करत फिरले. तेल कमी होतं. तेल संपतं. चढ उणे दोन. आये चुलीपाशी असायची. मी संपतं म्हटलं की ती चिमूटभर मीठ उचलून चुलीत टाकायची. ते तडतडलं की मी आवाज खाली करायचे. एकदा ती बाला म्हणाली, "पोरीच्या तोंडात काय आनून ठेवलं त्या गुरुजीनं." बा म्हणाला, "लेकोलचं हाय ते." लेकोल म्हणजे शाळा, आणि शाळेचं असलं की बाच्या लेखी विषय बंद व्हायचा. आयेच्या लेखी कधी व्हायचा नाही.

गणिताच्या पेपरचा दिवस आला. केंद्र रोझ हिलला होतं. आयेने मला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल चोपडलं, हातावर साखर ठेवली. मी दप्तर उचललं. डोक्यात नुसते बिंदू होते आणि ओठांवर गुरुजींचं स्वच्छ मराठी. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि म्हटलं, "आये, जाते."

आये जागच्या जागी थांबली. मी काय बोलले ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती रागावली नाही. ती घाबरली, आणि आये घाबरलेली मी फारशी पाहिली नव्हती. "आत ये," ती म्हणाली.

"आये, बस येईल."

"आत ये गो. बस. पानी पी. मग निघ."

मी आत गेले. तिने पाट मांडला, मला बसवलं, तांब्या दिला. मी घटाघट प्यायला लागले तर म्हणाली, हळू. बाहेर बा ओरडला, "बीस आली." बसला तो क्रेओलसारखं बीसच म्हणायचा. आये माझ्यासमोर उकिडवी बसून माझ्या घशाकडे पाहत होती. मी उठले, पुन्हा उंबऱ्याशी गेले, आणि म्हटलं, "येते." ती म्हणाली, "ये." बस आमच्या कोपऱ्यावरून वळताना मला दिसली, पाठमोरी.

मला इतका संताप आला होता की रडूही येईना. बा माझ्याबरोबर रस्त्यावर उभा राहिला आणि दुसरी बस येईपर्यंत विड्या ओढत राहिला. ती बस क्युरपीपपर्यंतच जाणारी निघाली. सगळा रस्ता ती धापा टाकत चढली. तिथे मी बदलून दुसरीत बसले आणि ती रोझ हिलकडे उतरायला लागली. मी खिडकीशी बसून विचार करत होते की हा उतार अधिक की उणे. मी डावीकडून उजवीकडे चाललेय की उजवीकडून डावीकडे? डोंगर एकदा या खिडकीत दिसायचे, एकदा त्या. शेवटी मी डोळेच मिटून घेतले.

पोचले तेव्हा सगळ्यांचे पेपर सुरू झाले होते. देखरेखीच्या बाईंनी घड्याळ दाखवलं, मान हलवली आणि आत सोडलं. मी भराभर सोडवत गेले. आणि मग तो आला. दोन बिंदू: एक आणि सात, तीन आणि एक. चढ काढा. रेषेचं समीकरण लिहा.

एकातून सात गेले, उणे सहा. तीनातून एक गेला, दोन. उणे तीन. गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे सरळ आलं. मी पेन टेकवलं आणि हात थांबला. सकाळी एकदा उणं बोलून झालं होतं. त्याने बस चुकली होती. आता त्याच दिवशी, त्याच परीक्षेत, माझ्याच हाताने कागदावर उण्याची खूण काढायची? हसू येईल कुणाला. मला तेव्हा हसू आलं नाही. नाही लिहिलं तर नापास, म्हणजे ऊस. आणि लिहिलं तर आयेचा घाबरलेला चेहरा.

मग मी चढाची जागा तशीच सोडली आणि आधी समीकरणाकडे गेले. वाय बरोबर उणे तीन एक्स अधिक दहा. ते कच्च्या कागदावर पाहत राहिले. ते उणे तीन एक्स बरोबरच्या चिन्हापलीकडे नेलं तर? पलीकडे गेलं की खूण बदलते. तीन एक्स अधिक वाय बरोबर दहा.

त्यात कुठेही उणं नव्हतं. रेषा तीच होती, तशीच खाली उतरत होती, आणि समीकरण मात्र आयेसमोर वाचून दाखवता आलं असतं. मी दोन्ही बिंदू घालून पाहिले. तीन अधिक सात दहा. नऊ अधिक एक दहा. बरोबर. हे चालतं का, असं लिहायला परवानगी असते का, मला काही माहीत नव्हतं. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि त्याच्याखाली रेघ मारली. मग चढाच्या जागेकडे परत आले. तिथे मी तीन लिहिले, हे मला पक्कं आठवतं. मग घंटा झाली.

शनिवारी गुरुजींना मी फरशीवर लिहून दाखवलं. त्यांनी उकिडवं बसून दोन्ही बिंदू घालून पाहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "छानच आहे. आणि चढ? तिथे खूण केलीस ना?"

मला आठवेना. त्या तीनच्या आधी मी आडवी रेघ मारली होती की नुसतं पेन टेकवून उचललं होतं, मला आजतागायत आठवत नाही. पेपर बोटीत चढून विलायतेला निघालेही होते. निकाल येईपर्यंत मी रोज त्या कागदाकडे डोळे मिटून पाहिलं. एक दिवस रेघ असायची, दुसऱ्या दिवशी नसायची. आयेला मी यातलं काही सांगितलं नाही. ती मात्र एकदा न राहवून म्हणाली, "पानी पिऊन गेलीस ना, मग चांगलंच व्हईल." मला तिच्यावर ओरडायचं होतं. त्याऐवजी मी हो म्हटलं.

पास झाले. गणितात जेमतेम, पण झाले. कुठल्या गुणांनी तरले ते विलायतेतल्या माणसालाच ठाऊक.

मास्तरकीचं शिक्षण घ्यायला मी रोझ हिलला आत्याकडे राहणार होते. निघायच्या दिवशी आयेने पुन्हा तेल चोपडलं, पुन्हा साखर दिली. बा ट्रंक घेऊन पुढे गेला होता. या वेळी मी शहाणी होते. उंबऱ्यावर थांबले, जीभ सांभाळली आणि अगदी स्पष्ट म्हटलं, "आये, येते."

आये दारात उभी होती. उसात जायचे कपडे तिच्या अंगावर होते, माझ्यामागून तीही निघणार होती. तिने 'ये' म्हणायला हवं होतं. मी वाट पाहत राहिले. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझे दोन्ही तळवे आपल्या हातात घेऊन उलटेपालटे केले, अंगठ्याने चोळले. तिचे अंगठे खरखरीत होते.

"जा," ती म्हणाली. "जा गो."

तिच्या तोंडून तो शब्द मी तोवर ऐकला नव्हता. तिने मला पाठमोरी करून खांद्याला धरलं आणि हलकेच पुढे ढकललं. मी रस्त्याकडे चालायला लागले, आणि आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत जो थोडा चढ आहे तो चढताना मला रडू आलं. मी पुढे आयुष्यभर पोरांना रेषेचा चढ शिकवला, अधिक कधी घ्यायचा नि उणे कधी ते फळ्यावर हजार वेळा काढून दाखवलं. त्या 'जा'च्या आधी कुठली खूण घालायची, ते मला अजून कळलेलं नाही.